दार आतून उघडतं

लोणावळा

चि. छकुली हिस,


तुझ्या शॉर्टफिल्मची संहिता वाचली. तुंगार्लीतला जुना बंगला, आषाढातलं धुकं, सगळं झकास. पण तुझं पिशाच्च पहिल्याच पानावर सुळे दाखवतं. मग पुढे आम्ही कशाची वाट बघायची?

टेरेन्स फिशरचा १९५८चा ‘ड्रॅक्युला’ बघ. ख्रिस्तोफर ली सुरुवातीला खानदानी यजमानासारखा अदबीने बोलतो. नंतर चित्रपटभर त्याच्या तोंडी शब्द नाही. आजारी लूसी रात्री एकटी उरली की स्वतः उठते, बाहेरचं दार उघडते, गळ्यातला क्रूस काढते आणि पलंगावर पडून वाट बघते. तोवर कुणी आलेलंही नसतं! मला खरी धास्ती वाटते ती तिथे, रक्त बघून नव्हे.

ड्रॅक्युलाहून तयारीची बाई हॅरी क्यूमेलच्या ‘डॉटर्स ऑफ डार्कनेस’मध्ये (१९७१) आहे. बेल्जियमच्या ऑस्टेंडमधलं समुद्राकाठचं हॉटेल, हंगाम नसल्याने ओस; आपल्याकडची हॉटेलं मंगळवार-बुधवारी असतात तसं. तिथे नवं जोडपं उतरलंय आणि येते काउंटेस बाथरी. डेल्फिन सेरिगने ही भूमिका अशी केलीय की आवाज एकदाही चढवायची गरज पडू नये. हॉटेलचा माणूस चाचरत म्हणतो, चाळीस वर्षांपूर्वी मी इथे पोऱ्या होतो, तेव्हाही तुम्ही अश्शाच दिसत होता. ती हसून म्हणते, माझी आई असेल. पुढे नवरा बायकोला पट्ट्याने मारतो आणि काउंटेस तिला मायेने जवळ घेते. खलनायिकेचं निम्मं काम नवऱ्यानेच करून ठेवलं! तुझ्या नायिकेला घरात कोण दुखावतं, ते आधी लिही. तुझ्या पिशाच्चाला आत यायची वाट तिथूनच मिळेल.

आणि रामसे बंधूंना हसू नकोस. त्यांच्या ‘बंद दरवाजा’त (१९९०) मूल नसलेली ठकुराइन आपल्या पायाने नेवला या पिशाच्चाकडे जाते, मुलगी झाली तर त्याला द्यायची, ही अट मान्य करते. केवढं मोठं बीज! पण तो होकार त्यांनी सुरुवातीलाच उरकला आणि मग गुरगुरणं, धूर, किंकाळ्या. मला त्या बाईच्या पुढच्या नऊ महिन्यांचा सिनेमा बघायला आवडला असता.

तुझी,
आजी