निर्वासिताची बाजू कोणी मांडायची?

नाझी जर्मनीतून जीव वाचवून लंडनला पोचलेल्या ज्यूंना १९३८-३९ च्या सुमारास एक छोटी पुस्तिका दिली जाई. ती काढणारी जर्मन ज्यू एड कमिटी निर्वासितांची हितचिंतकच होती. पुस्तिकेत सूचना होत्या: ताबडतोब इंग्रजी शिकायला लागा. रस्त्यात जर्मन बोलू नका. मोठ्याने बोलू नका. सरकारी धोरणांवर टीका करू नका, राजकारणात पडू नका.

आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण ज्यांनी ते लिहिले त्यांना दोष देणे मला जमत नाही. ब्रिटनमध्ये बेकारी होती, मोस्लीचे फॅसिस्ट रस्त्यावर उतरत होते, आणि येणाऱ्या ज्यूंचा भार सरकारी तिजोरीवर पडणार नाही अशी हमी तिथल्या ज्यू समाजाने १९३३ मध्येच दिलेली होती. नाझींच्या तावडीतून ज्यू मुलांना ब्रिटनला आणणाऱ्या ‘किंडरट्रान्सपोर्ट’ मोहिमेतून जवळपास १०,००० मुले आली, ती अशाच स्वयंसेवी संस्थांच्या, क्वेकर मंडळींच्या आणि सामान्य कुटुंबांच्या बळावर. तरीही त्या पुस्तिकेतली इंग्रजी ही कोणाच्या डोळ्यांवर न येण्यासाठी शिकायची इंग्रजी होती. निर्वासिताने काही मागावे, तक्रार करावी, यासाठी ती नव्हती. मागण्याचे काम दुसरे कोणी तरी करणार होते.

त्या ‘दुसऱ्या कोणी’मध्ये सर्वांत ठळक नाव खासदार एलिनॉर रॅथबोन यांचे. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून सुमारे २७,००० लोकांना स्थानबद्ध केले. त्यांतले बहुसंख्य हिटलरपासून पळून आलेले होते. रॅथबोन बाईंनी संसदेत प्रश्नांचा मारा केला, छावण्यांतून येणारी पत्रे वाचली आणि एकेका माणसाचे प्रकरण मंत्र्यांपुढे नेले. युद्ध ऐन भरात असताना, देशात संशयाचे वारे असताना हे करायला धैर्य लागते.

याच बाईंची दुसरी एक हकीकत मात्र मला त्यांच्या थोरवीइतकीच महत्त्वाची वाटते. अमेरिकन लेखिका कॅथरिन मेयो यांचे भारतीय स्त्रियांच्या हालांवरचे ‘मदर इंडिया’ हे पुस्तक वाचून त्या हादरल्या आणि १९२९ मध्ये त्यांनी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये भारतीय स्त्रियांच्या प्रश्नांवर परिषद भरवली. तिथे धन्वंती रामा राव उभ्या राहिल्या. पुढे मुंबईत कुटुंबनियोजनाची चळवळ उभी केली त्याच या. भारतातल्या सामाजिक दोषांवर परिषद भरवण्याचा ब्रिटिश स्त्रियांना काय अधिकार, असे त्यांनी विचारले. आमच्या सुधारणेचे काम आमच्या स्त्रिया करतच आहेत, हा त्यांचा मुद्दा होता.

निर्वासितांच्या बाबतीत हा प्रश्न कोणी इतक्या स्पष्टपणे विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. स्थानबद्ध माणूस तो विचारू शकतच नव्हता. पण प्रश्न तोच आहे: दुसऱ्याची बाजू मांडणारा त्याला बोलण्याची जागा करून देतो, की ती जागा स्वतःच व्यापतो?

युद्धानंतर गाडी थोडी पुढे सरकली, आणि त्या वाटेत कोल्हापूरही लागते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत हद्दपारीतून सुटून, इराणमार्गे आलेली. छावणीत त्यांच्या शाळा पोलिश भाषेत चालत, चर्च होते, स्काउट पथके होती. छावणी बंद झाली तेव्हा त्यांतले कितीतरी जण ब्रिटनला गेले, कारण घरातली पुरुषमाणसे ब्रिटिश नेतृत्वाखाली लढलेल्या पोलिश सैन्यात होती. त्याच सुमारास, १९४७ मध्ये, ब्रिटनने पोलिश पुनर्वसनाचा कायदा केला आणि पोलिश लोकांच्या शिक्षणासाठी सरकारी समिती नेमली. इंग्रजी शिकवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हे त्या निमित्ताने मान्य झाले. यात युद्धातल्या मित्राबद्दलची कृतज्ञता होती. सर्वच निर्वासितांना ही वागणूक पुढे मिळाली, असे म्हणता येत नाही.

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. जवळपास २८,००० जण ब्रिटनला पोचले. बहुतेक गुजराती, पंजाबी, आणि काही गोव्याचे. लेस्टर नगरपालिकेने तर युगांडाच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन ‘आमच्या गावी येऊ नका’ असे कळवले होते. दुसरीकडे जुन्या लष्करी तळांवरच्या छावण्यांत स्वयंसेवक स्त्रिया कपडे वाटत होत्या आणि इंग्रजी शिकवायला बसत होत्या. १९७७ मध्ये बीबीसीने ‘पडोसी’ ही मालिका काढली. आशियाई स्त्रियांना इंग्रजी शिकण्याची उमेद यावी, हा तिचा हेतू. एक शिक्षिका, एक विद्यार्थिनी, तिच्याच घरात बसून शिकवणी, अशा योजनांना त्या काळात बळ मिळाले.

या घरगुती शिकवण्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्या बाईला डॉक्टरकडे जाताना आठ वर्षांच्या मुलाला दुभाषा म्हणून न्यावे लागते, तिला स्वतःचे दुखणे स्वतः सांगता येणे ही फार मोठी सुटका असते. पण शिकवले काय जाई? बसचे तिकीट, दुकान, शाळेतून आलेली चिठ्ठी, ‘कृपया’ आणि ‘आभारी आहे’. ‘हा निर्णय मला मान्य नाही’ हे वाक्य त्या वह्यांत क्वचितच असावे. १९३८ च्या पुस्तिकेची सावली तिथपर्यंत पोचलेली दिसते.

१९९९ च्या आश्रयविषयक कायद्यानंतर ब्रिटनने आश्रयार्थींना लंडनबाहेर, घरे स्वस्त असलेल्या शहरांत विखरून पाठवायला सुरुवात केली. ग्लासगो हे त्यांतले मोठे शहर. २००५ मध्ये तिथल्या ड्रमचॅपल हायस्कूलमधल्या एका मुलीला, कोसोवोहून आलेल्या रोमा कुटुंबातली ती, पहाटेच्या छाप्यात आई-वडिलांसह उचलून स्थानबद्ध केले. तिच्या मैत्रिणी गप्प बसल्या नाहीत. त्यांतल्या काही जणी स्वतः आश्रयार्थी होत्या. त्यांनी सह्यांची मोहीम काढली, स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरला गाठले, प्रश्न विचारले. ‘ग्लासगो गर्ल्स’ या नावाने त्या ओळखल्या जाऊ लागल्या. त्यांच्या पाठीशी उभे होते युअन गर्व्हन. परभाषक मुलांना इंग्रजीसाठी मदत करणारे त्याच शाळेतले शिक्षक. त्या मुलींतली रोझा सालिह, इराकमधून आलेली कुर्द मुलगी, २०२२ मध्ये ग्लासगोची नगरसेविका झाली.

माझ्या मते या इतिहासातले खरे वळण इथे आहे. भाषा शिकवणारा आणि बाजू मांडणारा हे दोन वेगळे कार्यकर्ते असतात, ही समजूत इथे गळून पडली. मुली बोलल्या, शिक्षक शेजारी उभा राहिला. धन्वंतीबाईंनी १९२९ मध्ये मागितले होते ते थोडेफार हेच.

म्हणून रॅथबोन बाईंचे काम आता संपले, असे मात्र मी म्हणणार नाही. बंद खोलीत अडकलेल्या माणसाला आधी भाषा शीक, मग तुझे ऐकू, असे सांगणे क्रूरपणाचे होईल. अशा वेळी कोणी तरी त्याच्या वतीने ओरडलेच पाहिजे.

आजची स्थिती अशी. १९५१ च्या निर्वासित करारानुसार आश्रय हवा असेल तर छळाची सार्थ भीती दाखवून द्यावी लागते, आणि ती बहुधा स्वतःच्या तोंडच्या हकीकतीवरच. मुलाखतीत सरकारी दुभाषा मिळतो, पण नोंद इंग्रजीत होते. दुभाष्याने चुकीचे सांगितले तर ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याला ते कळतही नाही. पुढे एखादी तारीख जुळली नाही की त्याच्या खरेपणावर शंका घेतली जाते. असे असूनही इंग्लंडमध्ये अर्ज केलेल्या प्रौढाला सरकारी खर्चाचा इंग्रजी वर्ग साधारणपणे पहिले सहा महिने मिळत नाही. काम करण्याची परवानगी मागायलाही एक वर्ष थांबावे लागते, तीही ठरावीक व्यवसायांपुरतीच. हा सगळा काळ चर्चच्या सभागृहांत, वाचनालयांत, चहाच्या टेबलाभोवती स्वयंसेवक भरून काढतात. नोंदणी नसलेल्याने इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला देणे तिथे गुन्हा आहे. त्यामुळे स्वयंसेवकाने वकील शोधून द्यायचा, खासदाराला पत्र लिहायला मदत करायची, कार्यालयात सोबत जायचे आणि शिकवायचे. हे शेवटचे काम मी सर्वांत वरचे मानतो, पण एका अटीवर: धड्यात ‘आभारी आहे’च्या आधी ‘दुभाष्याने माझे म्हणणे चुकीचे सांगितले’ हे वाक्य यावे.

लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि ब्रिटनमधल्या शहरांत आज इंग्रजीवर उत्तम हुकूमत असलेली मराठी माणसे हजारोंनी राहतात. परक्या देशात परक्या भाषेत पाय रोवणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको. आपल्या गावातला निर्वासितांसाठीचा असा इंग्रजी वर्ग त्यांनी शोधावा आणि आठवड्यातले दोन तास तिथे द्यावेत.