बोट येईपर्यंत

समुद्र बघायचा असतो, खाडी ओलांडायची असते. बघायला सोबत लागत नाही.

*

आम्ही नाशिकचे. पाणी किती आलं हे आम्ही नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतो: गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की सगळं गाव घाटाकडे धावतं. समुद्र रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो, आणि ते बघायला कोणी जमत नाही. होड्या कधी सोडायच्या एवढं त्यावरून ठरतं. पूर ही बातमी, भरती हे वेळापत्रक. लग्नाच्या पहिल्या वर्षांत माणूस पुराची वाट बघतो.

*

त्र्यंबकच्या डोंगरावर पडलेला पाऊस दोन दिशांनी जातो. गोदावरी पूर्वेला निघते आणि १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगररांगेतली वैतरणा पश्चिमेला उतरते आणि जेमतेम दशांश अंतरात अरबी समुद्र गाठते. नाशिकने अस्थी सोडल्या त्या लांबून जाणारीत. जवळून जाणारी मुंबईच्या नळात गेली.

*

नाशिकहून निघालो की कसाऱ्यापर्यंत आम्ही मुलांविषयी बोलतो, पनवेलपर्यंत पैशांविषयी. आगरदांड्याच्या धक्क्यावर विषय संपतात. सहल तिथून सुरू होते.

*

कोकणच्या किनाऱ्याने आम्ही बोटीने जातो म्हणजे खाड्या ओलांडत जातो. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. राजपुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. जंगलजेटीत, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या बोटीत, गाडी चढते, एसटी चुकलेली बाई चढते, मोटारसायकलवर बर्फाची पेटी बांधलेला मासेवाला चढतो. इंजिनाचा आवाज अंगात शिरेपर्यंत समोरचा काठ येतोही. मधल्या वाटेवर श्रीवर्धन, हर्णै, गुहागर. मुक्काम गावात, प्रवास रस्त्यावर, आणि बोट या दोन्हींच्या मधल्या फटीत. तरी परत आल्यावर शेजारणीला सांगताना आम्ही ‘बोटीने गेलो होतो’ असंच म्हणतो.

भूमध्य समुद्रावर निवृत्त जोडपी स्वतःची शिडाची बोट घेऊन एका मरिनाहून दुसऱ्या मरिनाला जातात. रात्रीपुरती जागा, वीज, गोडं पाणी भाड्याने मिळतं. तिथे बोट बांधायला जागा शोधावी लागते. इथे माणसं धक्क्यावर उभी राहून बोट शोधतात.

*

मुंबईहून गोव्यापर्यंत आगबोट जायची तेव्हा हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायची. बऱ्याच ठिकाणी ती किनाऱ्याला लागतच नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव येऊन माणसं उतरवून न्यायचे. ट्रंका, पोरं, आंब्याच्या पेट्या, नवी नवरी, सगळं हलत्या बोटीतून हलत्या होडीत.

आगबोट गावासमोर न्यायची. गावात न्यायला छोटी होडीच लागायची.

*

कोळी तिथीवरून भरती काढतात. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. आमच्या स्वयंपाकघरातल्या ज्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणा असतात, त्याच कॅलेंडरात समुद्रही छापलेला होता. चतुर्थीचा उपास आणि तीनची भरती एकाच चौकोनात.

तिथी आम्ही उपासासाठी वापरली, कोळ्याने पोटासाठी.

*

आता आमच्या गावातल्या जोडप्याविषयी.

पांडवलेण्यांत दहाव्या लेण्याच्या पडवीत, भिंतीवर, उषवदाताचा लेख आहे. काळ साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. क्षहरात क्षत्रप नहपान हा राजा, उषवदात त्याचा जावई. दानांची यादी लांब आहे: गाई, गावं, सोनं, प्रभास तीर्थावर आठ ब्राह्मणांना लावून दिलेल्या बायका, ३२,००० नारळाची झाडं. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे चौसोपी धर्मशाळा. भरुकच्छ म्हणजे भडोच, शूर्पारक म्हणजे सोपारा, दोन्ही त्या काळची बंदरं. गोवर्धन आमच्या नाशिकजवळचं.

आणि मग तरी, पलीकडे नेणाऱ्या होड्या. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट होड्या ठेवल्या. पार आणि दमणगंगा आमच्याच जिल्ह्यातून निघून पश्चिम समुद्राला जातात. दाहनुका म्हणजे डहाणू. किनाऱ्याने वर-खाली जाणाऱ्याला आडवं येणारं पाणी हेच. वाटसरूला समुद्र अडवत नाही, त्याला मिळायला येणाऱ्या नद्या अडवतात. मुंबईच्या दक्षिणेला गाडी घेऊन निघालेल्या आम्हा दोघांनाही अडवतात त्या खाड्याच.

पण मी त्या भिंतीपाशी थांबते ती यादीतल्या पुढच्या दानासाठी. होड्या ठेवून तो थांबला नाही. या नद्यांच्या दोन्ही काठांवर त्याने बसायला निवारे बांधले आणि पाणपोया घातल्या. दोन्ही काठांवर. पलीकडे पोहोचवण्याचं पुण्य कोणालाही सुचेल. तरीने जाणाऱ्याचा जास्त वेळ पाण्यावर जात नाही, काठावर जातो, हे त्यालाच सुचतं ज्याने कधीतरी उन्हात ताटकळून समोरच्या काठाला हाका मारल्यात.

*

त्याच लेण्यातल्या खोलीच्या दारावर दुसरा लेख आहे. दक्षमित्रेचा. ही खोली तिने दिली, एवढंच. नवऱ्याचा लेख भिंतभर, बायकोचा दारापुरता.

ती स्वतःची ओळख उषवदाताची बायको आणि नहपानाची मुलगी अशी देते. म्हणून तिच्याविषयी वाईट वाटून घ्यावं, तर नवराही स्वतःला आधी नहपानाचा जावईच म्हणवतो. आमच्याकडे अजून लग्नपत्रिकेत हेच चालतं.

तरींचं दान देणाऱ्याची बायको त्या होड्यांतून कधी गेली का, हे भिंत सांगत नाही. तिने जे दिलं त्याला छप्पर आहे. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहायचं असतं. त्याने जाणाऱ्यांची सोय केली, तिने राहणाऱ्यांची. हे दोघांनी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. घरात कामं वाटली जातात, ती कोणी वाटलेली नसतात.

*

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. १९०६ मध्ये जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० वर नाणी. त्यातल्या ९,००० वर नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा उमटवला होता. नाणं पुन्हा ठोकता येतं. राजा बदलला म्हणून खाडी अरुंद होत नाही, तेव्हा नव्या राज्यातही कोणीतरी वल्हं मारतच असणार.

*

बोट समोरच्या काठाला असली की धक्क्यावर दोन प्रकारची माणसं दिसतात. घड्याळ बघणारी आणि बोट बघणारी. त्यांची आपसात लग्नं होतात.

*

गाडीत गप्प बसलं की ‘काय झालं?’ असं विचारलं जातं. धक्क्यावर गप्प बसलं की कोणी विचारत नाही.

*

दाभोळला धक्क्याजवळ मशीद आहे, अंडा मशीद म्हणतात. सांगतात की विजापूरची शहजादी मक्केला जायला दाभोळला आली, जहाज काही निघू शकलं नाही, तेव्हा प्रवासाला आणलेला पैसा तिने मशिदीत घातला. न झालेल्या जलप्रवासाची एवढी देखणी खूण दुसरी माझ्या पाहण्यात नाही. आमचे रद्द झालेले प्रवास बँकेत राहतात आणि मग वॉशिंग मशीन होतात.

*

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, बाणकोटला समुद्राला मिळते. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर गाइड सांगतात की आर्थर मॅलेट नावाच्या साहेबाची बायको आणि तान्हं मूल या नदीत होडी बुडून गेलं, आणि तो वर बसून नदीकडे बघत राहायचा. गाइडला पुरावा विचारू नये. पण बागमांडल्याला जेटीत उभं राहिलं की ही गोष्ट आठवते, आणि आठवतं की यमाकडून नवऱ्याला सोडवून आणणारीचं नावही हेच. बायकोला सोडवून आणणाऱ्याच्या नावाची नदी माझ्या ऐकण्यात नाही.

*

१७ जुलै १९४७. ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत बुडाली. लोक अवसेला घरी निघालेले, अंतर थोडक्याच वेळाचं. सहाशेंवर माणसं गेली. तेव्हापासून कोकणातल्या घरांत जवळच्या प्रवासाला निघणाऱ्यालाही ‘पोचलास की कळव’ म्हणत असतील, तर ते उगाच नाही.

*

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी गाव, विहिरी खणणाऱ्या घरातला मुलगा. सैन्यात गेल्यावर हाती वल्हं आलं, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला तो एकट्याच्या होडीच्या शर्यतीत उतरला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक. पाणी ज्यांच्याकडे नाही त्यांनी पाण्यावर काय करून दाखवावं याची नाशिक जिल्ह्याला हीच एक नोंद पुरे.

शर्यतीत वल्हवणारा पाठमोरा बसतो. सुटलेला काठ त्याला दिसतो, यायचा तो दिसत नाही. मोठ्या होडीत पुढचं बघायला वेगळा माणूस असतो, त्याच्या हातात वल्हं नसतं. आमच्याकडे गाडी मी चालवते, पुढचा रस्ता नवरा बघतो. भांडणाचं मूळ इतकं जुनं आहे.

*

नौदलाच्या ‘तारिणी’ या ५६ फुटी शिडाच्या बोटीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीला फेरी घालून २९ मे २०२५ ला परत आल्या. मधली बंदरं फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन. आठ महिने, दोन माणसं. अशा बोटीवर एकीने झोपायचं तेव्हा दुसरीने जागायचं. दोघांच्या बोटीत दोघं एकाच वेळी जागी फार थोडी असतात, आणि एकमेकांवरचा विश्वास झोपलेल्याने दाखवायचा असतो.

रात्रपाळीच्या कारखान्यांच्या आमच्या शहराला, सातपूर-अंबडच्या घरांना, हे वेगळं सांगायला नको.

*

२०२५ मध्ये विरार आणि सफाळ्याच्या मध्ये गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने मोठा वळसा, पाण्यावरून दीडेक किलोमीटर. ती खाडी वैतरणेची. आमच्या डोंगरावरून उतरलेलं पाणी ओलांडायला आम्ही दोनशे किलोमीटर गाडी चालवून जाणार आहोत, हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

*

रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं काम चाललं आहे. या सगळ्या खाड्यांवर पूल येणार आहेत. जंगलजेटी संपेल म्हणून मला रुखरुख वाटते. ती तोंडाने बोलायची लाज वाटते, कारण धक्क्यावर आम्ही नारळपाणी पीत थांबतो आणि शेजारी कोणीतरी दवाखान्याच्या फायली मांडीवर घेऊन थांबलेलं असतं. बोट पलीकडे गेलेली, पुढची कधी ते नक्की नाही. हौसेने थांबणाऱ्याने अडून थांबणाऱ्याच्या वतीने बोलू नये. उषवदाताला पूल बांधता आला असता तर त्याने पूलच बांधला असता, आणि लेखात तोही लिहिला असता.

“अहो, पूल झाल्यावर मग आपण कशाला यायचं?” मी विचारलं.

“मासे खायला,” नवरा म्हणाला, आणि हर्णैला लिलाव किती वाजता लागतो ते शेजारच्या माणसाला विचारायला गेला.