पाच की नऊ?

मुलांना धीर देताना बापाच्या बोलण्यात खरे किती आणि खोटे किती असावे, हा प्रश्न यंदाच्या मे महिन्यापर्यंत मला कधी पडला नव्हता. पडायचे कारणही नव्हते. मी मास्तर. खरे बोलावे असे वर्गात शिकवून महिनाअखेर पगार घेतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. म्हणजे खोटे लिहितो. पण ते सांगून-सवरून. वाचकालाही ठाऊक असते, मलाही. भंडारदऱ्याला त्या रात्री मी जे बोललो ते मात्र तसले नव्हते.

आम्ही काजवे पाहायला गेलो होतो. मे सरत आला, पाऊस तोंडावर आला, की अकोले तालुक्यातल्या त्या रानात हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजव्यांची जत्रा भरते. एक झाड उजळते, विझते, आणि जणू त्याची खूण ओळखून शेजारचे उजळते. प्रवरेवरचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या पाण्याकाठी आता तंबू भाड्याने मिळतात. मुलांनी जन्मात एकदा तरी तंबूत निजावे, ही हौस खरे तर माझी. ती मी मुलांच्या नावावर खपवली. बापांच्या पुष्कळशा हौशी अशाच मुलांच्या खात्यावर मांडलेल्या असतात. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच. "वळवाचे दिवस आहेत हो," असे हिने निघतानाच आभाळाकडे पाहून म्हटले होते. मी ते ऐकले आणि न ऐकल्यासारखे केले.

काजवे मनसोक्त पाहून आम्ही तंबूत शिरलो. साडेदहाच्या सुमारास रतनगडाच्या अंगाला विजा चमकू लागल्या. वारा सुटला. तंबूचे कापड फडफडू लागले आणि धाकट्याने भोकाड पसरले. तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हटले, "वीज दिसली की मोजायला लागायचे. उजेड लगेच पोचतो, आवाज मागून चालत येतो. सेकंदाला साधारण ३४० मीटर. म्हणजे तीन आकड्यांना एक किलोमीटर." पहिल्या खेपेला चोवीस आकडे झाले. "भागिले तीन, आठ किलोमीटर! म्हणजे कुठल्या कुठे!" धाकट्याने डोळे पुसले आणि विचारले, "आणि काजवा चमकल्यावर किती मोजायचे?" आम्ही सगळे पोट धरून हसलो.

इथवर सगळे छान होते. निदान दिसायला. खरी गोष्ट अशी की, चोवीस हा आकडाच वाईट होता. तिसाच्या आत आकडा आला की पक्क्या घरात नाहीतर बंद मोटारीत जावे. तंबूत बसणे म्हणजे विजेपुढे उघड्या रानात बसणेच, हे मला माहीत होते. पाचवीच्या मुलांना मी ते फळ्यावर लिहून देतो.

पुढचा आकडा अठरा आला. मग चौदा. हिने हळूच म्हटले, "अहो, वर त्यांच्या घरी जाऊ या का?" तंबूवाल्याचे सिमेंटचे घर शंभर पावलांवर होते. मी म्हटले, "काही होत नाही. जाईल आत्ता." धाकट्याने विचारले, "बाबा, तुम्हाला भीती वाटते?" "छे!"

हा "छे" मला महागात पडला. एकदा भीती नाही म्हटल्यावर उठून पळायचे कसे? उठलो तर मी खोटा ठरतो आणि बसलो तर मुले धोक्यात. माणूस अशा वेळी काय करतो? मी आकडे भरभर मोजू लागलो. वीज अकरावर आली तेव्हा माझे चौदा झाले, आणि सातावर आली तेव्हा अकरा. गणिताच्या मास्तराने हे करावे! धाकटा निवांत होता. बाबांचा आकडा फारसा उतरत नव्हता ना!

मग एक लख्ख उजेड पडला. मी भराभर नवापर्यंत गेलो, तोच आभाळ फुटल्यासारखा आवाज झाला. "नऊ," मी म्हटले. अंधारातून थोरलीचा आवाज आला, "पाच."

तिने ते भांडून म्हटले नाही. वहीत उत्तर चुकले की मी जसे सांगतो तसे सांगितले. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मी म्हटले, "हो, पाच. चला, उठा." तिला पांघरुणातून ओढले तर तिची बाजू भिजून चिंब झालेली, आणि हातपाय गार. कितीतरी वेळ पाणी आत येत होते. "अगं, बोलली का नाहीस?" हिने विचारले. ती म्हणाली, "बाबा म्हणाले ना, काही होत नाही."

आम्ही धावत वर गेलो. तंबूवाल्याच्या आईने दार उघडले, थोरलीला आपल्या लुगड्याच्या घडीत गुंडाळले. ती भ्याली आहे असे दिसताच म्हातारी म्हणाली, "भ्या वाटायचंच की, बाय. म्हणून तर घरात यायचं." तंबूवर वीज वगैरे काही पडली नाही. पडली असती तर हा लेख लिहिणे फार सोपे झाले असते. सकाळी तो वाऱ्याने आडवा होऊन चिखलात पडलेला होता, इतकेच.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. कान्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ साली एका निबंधात असे प्रतिपादन केले की, मित्राचा जीव घ्यायला आलेल्या मारेकऱ्याने तो घरात आहे का असे विचारले, तरी खोटे बोलू नये. माझ्यासारख्या बेताच्या शिकलेल्या माणसाला हे पचत नाही. मी मारेकऱ्याला खुशाल खोटे सांगेन, आणि त्या रात्री झोपही लागेल. मला आपला धर्मराज जवळचा वाटतो. अश्वत्थामा मेला, एवढे मोठ्याने आणि हत्तीचे तेवढे पुटपुटत, असे तो बोलला आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. त्याने आवाज उतरवला, मी आकडे पळवले. शब्द दोघांचेही तसे खरेच. माझा रथ आधीपासूनच जमिनीवर असल्यामुळे फक्त आवाज झाला नाही.

पण मुलांना धीर द्यायचा नाही का? द्यायचा. भिणाऱ्या लेकराला विजेच्या व्होल्टचा हिशेब सांगणारा बाप कसाई म्हणायचा. मी लहान असताना आजी वारली, तेव्हा "आजी गावाला गेली" असे मला सांगण्यात आले. सांगणाऱ्यांच्या मनात मायाच होती. मी मात्र कितीतरी संध्याकाळी एस. टी. स्टँडवर जाऊन उतरणारी माणसे पाहत उभा राही. मोठेपणी मी त्यांना मनोमन माफ केले. तरी कुणी आजारी पडून "गावाला" जाण्याची गोष्ट निघाली की मला अजून ती संध्याकाळ आठवते.

मला वाटते, मी त्या रात्री दोन वाक्यांची गल्लत केली. "मी आहे" आणि "काही होत नाही." पहिले खरे होते, मुलाला हवे होते तेही तेच. दुसरे माझ्या हातातले नव्हते, आणि ते मी बोललो ते मुलासाठी नव्हे, माझा बेत चुकला नाही हे मलाच पटवण्यासाठी. शिवाय त्याने एक दार बंद केले. काही होत नाही असे बापाने ठरवून टाकल्यावर, मला थंडी वाजते आहे हे सांगायला पोरीने तोंड कुठल्या वाटेने उघडावे? हिचे म्हणणे वेगळे आहे. "एवढे काय घेऊन बसलात? पुढच्या वेळी आभाळ बघून निघा," असे ती म्हणते. तिचे बहुतेक बरोबर असावे.

परतीच्या पावसात परवा वीज गेली. थोरली आणि मी गॅलरीत बसलो होतो. दूर लखलखले. मी सवयीने "एक" म्हटले. तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि स्वतः मोजायला सुरुवात केली, सावकाश, एकेक आकडा पुरता उच्चारून.