नाव आधी की राखण?

भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली मुंबईकरांसाठी खुली झाली. मूळची ती वनस्पतींची बाग; प्राणी मागाहून आले. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आहे, आणि अनेक जुन्या पिंजऱ्यांच्या जागी ऐसपैस आवारे झाली आहेत. तरीही २०१६ साली समुद्रापलीकडून आणलेल्या आठ पेंग्विनांपैकी एक तीन महिन्यांच्या आतच दगावला. पुढे त्यांना पिल्ले झाली. परंतु काचेमागचा गारवा मनुष्याने अहोरात्र राखला, तरच ते जगतात.

प्राणी पाहिलाच नाही, तर मुलांना त्याचा कळवळा कोठून येणार, असे आपण म्हणतो. ते खोटे नाही. पण आपल्या शिक्षणाची किंमत त्या मुक्या जिवाने का भरावी?

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातील क्रम ध्यानात घ्या. आदामाने प्राण्यांना नावे दिली, ती नंतर. बाग राखण्याचे काम त्याला आधी सोपवले गेले. आपण मात्र पाटीवरचे नाव वाचतो आणि पुढे सरकतो. ज्याला आपण कोंडले, त्याच्या सुखदुःखाचा हिशेब निर्माणकर्ता आपल्याजवळ मागणार नाही काय?

शब्बाथशाळेच्या मुलांना तेथे न्याल, तेव्हा प्राण्याचे नाव सांगून थांबू नका. त्याची राखण कशी होते, हेही त्यांना पाहायला शिकवा.