शेवटचे दोन घास

मूल मान फिरवतं, ओठ मिटून घेतं. त्याचा अर्थ 'पुरे' असा आहे, हे भरवणाऱ्या प्रत्येकाला कळतं. पण वाटीत दोन घास उरलेले असतात. मग चिऊ येते, काऊ येतो, हल्ली मोबाइलही येतो. लक्ष दुसरीकडे गेलं की तोंड उघडतं. हे आपण प्रेमानंच करतो. पण दुसऱ्याचं पोट भरलं की नाही, हे ठरवायचा अधिकार प्रेमामुळे मिळतो का?

क्लारा डेव्हिस या अमेरिकन डॉक्टर बाईंनी १९३९ साली आपल्या दीर्घ प्रयोगाचा वृत्तांत मांडला. नुकतंच अंगावरचं दूध सुटलेली १५ मुलं, समोर साधे, ताजे पदार्थ. मूल ज्याकडे हात नेईल तेच परिचारिकेनं द्यायचं. आग्रह नाही, कौतुकही नाही. (आपल्याकडच्या आज्यांना हे निर्जळी उपासाहून कठीण!) मुलं चित्रविचित्र जेवली, पण छान वाढली. मुडदूस झालेल्या एकानं पुढ्यात ठेवलेलं कॉड माशाचं तेल बरं होईपर्यंत आपणहून घेतलं. मात्र 'मुलांना सगळं कळतं' असं यावरून म्हणता येत नाही. त्या ताटात साखर, मैदा नव्हताच. निवड मुलांची होती, पण काय वाढायचं ते मोठ्यांनी ठरवलं होतं. डेव्हिसबाईंनीच हे बजावून सांगितलं.

आपण नेमकं उलटं करतो. घरात बिस्किटांचे पुडे आणून ठेवतो आणि घासांवर पहारा देतो. 'भाजी संपव, मग चॉकलेट' यातून मुलाला एवढंच कळतं, की भाजी ही शिक्षा आहे. लिअ‍ॅन बर्च यांनी १९८४ साली दाखवलं, की एखादं पेय पिण्याबद्दल बक्षीस दिलं तर मुलांना ते पेयच कमी आवडू लागतं.

आजारी, अशक्त मुलाला आर्जवानं भरवावं लागतं, हे खरंच. पण आर्जव वेगळं आणि चकवणं वेगळं.

आणि तरी, पानात टाकू नये म्हणणाऱ्या आजीला मी हसणार नाही. बहात्तरच्या दुष्काळात मिलोच्या भाकरी खाल्लेल्या बाईला उरलेला घास नुसता घास दिसत नाही. तिची ती भूक खरी होती. पण ती नातवाच्या पोटात नाही. अन्नाचा मान राखायचा तर वाढतानाच हात आखडता घ्यावा, लागलं तर मूल पुन्हा मागेल. तोवर वाटीतले ते दोन घास आजीनंच खाल्ले तर काय बिघडलं? बहुतेक घरांत शेवटी होतं तेच.