वाक्य कोणाचे? : लेखनकेंद्रप्रमुखाच्या जबाबदारीविषयी

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ चा उल्लेख येतो, आणि त्याच्यालगतच सच्चिदानंदबाबांना 'लेखकु' म्हटलेले आहे. 'लेखक' या शब्दाचा आजचा अर्थ मनात धरून वाचणारा विद्यार्थी तेथे हमखास अडखळतो. ग्रंथ ज्ञानेश्वरांचा, मग लेखक हा दुसराच कसा? त्या काळच्या मराठीत लेखणी ज्याच्या हातात तो लेखक. ज्याची वाणी तो त्याहून निराळा. पुढे या दोन व्यक्ती एकाच शब्दात मिसळल्या आणि आपण त्यांच्यातले अंतर विसरलो. विद्यापीठीय लेखनकेंद्राचा प्रमुख नावाची जी व्यक्ती आता आपल्याकडेही हळूहळू दिसू लागली आहे, तिच्यामुळे हे अंतर पुन्हा एक प्रश्न म्हणून समोर येते. या व्यक्तीची लेखणी दुसऱ्याच्या कागदावर फिरते. तो कागद नंतर कोणाचा राहतो?

अमेरिकी विद्यापीठांत अशी केंद्रे जुनी आहेत. ती प्रथम 'कच्च्या' विद्यार्थ्यांची डागडुजी करणारी ठिकाणे मानली जात. १९८४ मध्ये स्टीफन नॉर्थ यांनी एका निबंधात या समजुतीवर रागावूनच हल्ला चढवला. केंद्राने लेखन सुधारावयाचे नसून लिहिणारा घडवावयाचा आहे, हे त्यांचे सूत्र पुढे या क्षेत्राचे जणू घोषवाक्य झाले. १९९१ मध्ये जेफ ब्रुक्स यांनी ते टोकाला नेले : मदतनिसाने पेन हाती धरू नये, विद्यार्थ्याच्या शेजारी बसावे, कागद त्याच्यासमोर असू द्यावा, श्रम त्यालाच करू द्यावेत. यामागे सॉक्रेटिसाची सुईण उभी आहे हे उघड आहे. ती स्वतः प्रसवत नाही, दुसऱ्याच्या प्रसूतीला हात देते. मात्र 'थिएटेटस'मधील हा दृष्टान्त अर्धाच उचलला जातो. जन्मलेले मूल खरे की नुसता भास, हे पारखणे हाच आपल्या कलेचा मोठा भाग आहे, असे सॉक्रेटिस तेथे सांगतो. ही पारख करणारी सुईण तटस्थ कशी राहील?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. रायगडच्या किनाऱ्यावरील एका महाविद्यालयात आठवड्यातील दोन दुपारी मी अशीच एक खोली उघडी ठेवतो. 'केंद्र' हे नाव तिला फार मोठे होईल. एक टेबल, चार खुर्च्या, मोल्सवर्थचा कोश आणि वारा आला की आपटणारी खिडकी. विद्यार्थी प्रकल्पलेखन घेऊन येतात. बहुतेक आगरी आणि कोळी घरांतले, काही माळी, काही भंडारी. मी घाटावरून आलेला.

काही वर्षांपूर्वी एका कोळी विद्यार्थिनीने आपल्या आईच्या मासळीविक्रीवर प्रकल्प लिहिला. तिने लिहिले होते, आई बाजारात वाटे लावून बसते. मी ते 'मासळी विक्रीसाठी मांडते' असे केले. तिने लिहिले होते, भांगाला डोलीवर काही मिळत नाही. भांग म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हते आणि विचारण्याचे सुचले नाही. पाण्याशी संबंध असावा एवढे कळले, म्हणून मी 'ओहोटीच्या वेळी' असे लिहिले. वाक्ये गुळगुळीत झाली. तिने कागद वाचले आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, "सर, चांगलं झालंय. पण आईला वाचून दाखवलं तर ती विचारील, हे कुणी लिहिलं?"

नंतर तिच्याकडूनच मी शिकलो ते असे. वाटा म्हणजे नुसती मांडलेली मासळी नव्हे. लहानमोठी, ताजी आणि जराशी उतरलेली मासळी एकत्र येईल असा तो नजरेने जुळवलेला ढीग असतो आणि भाव त्या ढिगाचा होतो, वजनाचा नव्हे. विकणारणीचे सगळे कसब, तिची सगळी अर्थनीती त्या एका शब्दात आहे. मी तो पुसून तेथे 'मांडणे' हे कोणत्याही दुकानाला लागू पडणारे क्रियापद बसवले होते. भांगाची गोष्ट याहून वाईट. भांग म्हणजे ओहोटी नव्हे. ओहोटी रोज दोनदा येते. अष्टमीच्या सुमारास भरती आणि ओहोटी यांतले अंतर कमी होते, पाण्याचा ओढ मंदावतो, त्या दिवसांना भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे हे उलटे टोक. डोल जाळे एका जागी खिळवलेले असते, मासळी त्यात प्रवाहानेच लोटली जाते. प्रवाह मंद, तर जाळे रिकामे. तिचे वाक्य कार्यकारणभावासकट अचूक होते. माझ्या दुरुस्तीने ते खोटे झाले, आणि शुद्धही.

भाषिक अन्याय, बोलींची गळचेपी वगैरे शब्द अशा प्रसंगी तत्परतेने वापरले जातात. ते चुकीचे नाहीत. पण येथे जे घडले ते अन्यायाच्याही आधी अज्ञान होते, आणि त्या अज्ञानाला अधिकार मिळालेला होता. लेखनकेंद्राच्या प्रमुखाची नैतिक अडचण नेमकी येथे आहे असे मला वाटते. त्याला व्याकरण येते म्हणून तो विषयही जाणतो, असे विद्यार्थी गृहीत धरतो. काही काळाने प्रमुखही ते गृहीत धरू लागतो.

मग ब्रुक्स यांचा मार्ग धरून पेनच खाली ठेवावे काय? मी काही महिने तसे करून पाहिले. खारेपाटातील एक मुलगा येई. ळ च्या जागी ल, ण च्या जागी न हे त्याच्या बोलण्याइतकेच लिहिण्यातही होते. मी नुसते प्रश्न विचारत राहिलो : तुला येथे काय म्हणावयाचे आहे? तो सांगे, मी मान डोलवी, आणि कागद होता तसाच परत जाई. परीक्षेत त्याचे व्हावयाचे तेच झाले. माझे हात स्वच्छ राहिले, त्याची किंमत त्याने मोजली. लिसा डेल्पिट यांनी १९८८ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता. सत्तेच्या वर्तुळाचे नियम असतात. ज्यांना ते घरातच मिळाले ते त्यांविषयी बोलणे असभ्य मानतात, आणि ज्यांना मिळाले नाहीत त्यांना ते कोणी सांगितल्यावाचून कळत नाहीत. मराठी लेखनाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडलेले चार नियम ही काही निसर्गाची देणगी नाही. पण ती नाही असे म्हणून मुलाला परीक्षकापुढे नि:शस्त्र पाठवणे याला उदारपणा म्हणवत नाही.

शिवाय या किनाऱ्यावर लेखनाची मदत कधीच निरागस नव्हती. खोतीच्या काळी कबुलायत लिहिणारा हात एकाचा आणि तिच्याखाली उमटणारा अंगठा दुसऱ्याचा असे. चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांचा १९३३ ते १९३९ चा संप जमिनीसाठी आणि धान्याच्या वाट्यासाठी होता, हे खरेच. परंतु नारायण नागू पाटील यांना त्याच लढ्याच्या ओघात, १९३७ मध्ये, 'कृषीवल' हे पत्र काढावेसे वाटले, यात एक वेगळी जाणीवही दिसते. आपल्या वतीने दुसऱ्याने लिहिलेले पुरेसे नसते.

मराठीत लेखनकेंद्र नव्हते, पण संपादकाचे टेबल होते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या काळातील 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडली. कथा परत जात, सोबत सविस्तर पत्र जाई, लेखक पुन्हा लिही, कथा पुन्हा परत जाई. एवढा वेळ दुसऱ्याच्या वाक्याला देणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि अनेक लेखक त्यातून घडले हे मान्य करण्यात कंजुषी करू नये. तरीही १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याच अंकाची होळी केली. त्या कृतीतील आततायीपणा बाजूला ठेवला तर मागे उरतो तो प्रश्न रास्त होता : ही सुधारणा कोणत्या अभिरुचीच्या दिशेने चालली आहे, आणि ती अभिरुची कोणाच्या घरची? संपादकाला निदान एक सोय होती. त्याची अभिरुची नियतकालिकाच्या नावानिशी जाहीर होती, ती न पटणारा दुसरा अंक काढू शके. अनियतकालिकांनी तेच केले. विद्यार्थ्याला दुसरे विद्यापीठ काढता येत नाही.

याच संदर्भात एक निराळे उदाहरण मला वारंवार आठवते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. बोलणारे आमच्या पेण तालुक्यातील गागोद्याचे, लिहिणारे पालगडचे. पुढच्याच वर्षी 'श्यामची आई' लिहिणाऱ्या माणसाची शैली काय होती हे सांगावयास नको. ती ओलसर, आर्जवी, शब्दाशब्दाला पाझरणारी. 'गीताप्रवचने' वाचताना मात्र ती मला भेटत नाही. भेटतात ते विनोबा, त्यांच्या नेमक्या दृष्टान्तांसह. एवढी समर्थ लेखणी हाती असताना ती दुसऱ्याच्या वाणीमागे ठेवणे याला लेखनकौशल्य म्हणावे की चारित्र्य, हे मला ठरवता आलेले नाही. ते 'लेखकु' होते, जुन्या अर्थाने.

पण साने गुरुजींपुढे विनोबा होते. माझ्यापुढे एकोणीस वर्षांची मुलगी असते, जिला स्वतःच्या शब्दाची खात्री नसते आणि माझ्या शब्दाची अवाजवी खात्री असते. तेथे नुसते मागे सरणे पुरत नाही. बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू जाहीर केला. तो आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. ज्याला लेखक होण्याची संधीच अजून मिळालेली नाही त्याला हा मृत्यू कसा समजावून द्यावा, हे मला कधी जमले नाही. आणि अलीकडे यंत्राकडून गुळगुळीत मराठी परिच्छेद मागवून आणता येतात. ते वाचताना मला लाज वाटते, कारण ते माझ्या दुरुस्त्यांसारखेच दिसतात : वाटा नाही, भांग नाही, सर्वत्र मांडणे आणि विक्री.

हल्ली मी पेन हातात धरतो, पण दुसऱ्या कागदावर. नियमाचा भाग असेल तेथे नियम म्हणून सांगतो आणि तो कोणी केला तेही सांगतो. माझी आवड असेल तेथे ती माझी आवड आहे असे म्हणतो. हे म्हणणे पहिल्यापेक्षा फार अवघड जाते. शब्द मला ठाऊक नसेल तर विचारतो. आणि बदल करावयाचा की नाही हे ठरल्यावर ज्याने ठरवले त्याने तो आपल्या हाताने लिहावा, एवढा आग्रह धरतो. यात वेळ जातो. एका दुपारी दोन किंवा तीन विद्यार्थ्यांचे काम होते, बाकीचे व्हरांड्यातून परत जातात, आणि त्यांच्याविषयीची माझी जबाबदारी या पद्धतीने सुटत नाही.

त्या मुलीने प्रकल्प पुन्हा लिहिला. काना-मात्रा, ऱ्हस्व-दीर्घ आम्ही दोघांनी मिळून तपासले. 'वाटे लावून' तिने ठेवले आणि त्याखाली दोन ओळींत अर्थ दिला. भांगाचाही अर्थ द्यावा असे मी सुचवले. तिने नकार दिला. म्हणाली, इथं सगळ्यांना कळतं. मला ते पटले नव्हते, तरी मी गप्प राहिलो. निकालानंतर ती प्रत घेऊन आली. 'भांगाला' या शब्दाखाली लाल रेघ होती आणि समासात प्रश्नचिन्ह. तिने ते मला दाखवले, थोडी हसली, आणि पुढच्या सत्राचे कागद टेबलावर ठेवून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.