नारळ फोडा, व्हॉल्व्हही तपासा

ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून जुन्या मुंबई रस्त्याने पुण्याकडे निघते, ती कासारवाडीवरून. कंपन्यांच्या गेटांसमोरून दिंड्या सरकतात. शिफ्ट सुटलेले कामगार केळी वाटतात, वाकून पाया पडतात. यातल्या कितीकांच्या गळ्यात माळ असते आणि कामावर हातात व्हर्निअर. पहिला जॉब मापात बसल्याशिवाय पुढची बॅच न सोडणारा हा माणूस विठ्ठलाच्या बाबतीत मात्र कसलाच पुरावा मागत नाही. ही विसंगती म्हणायची का?

विवेकवाद्यांचे उत्तर स्वच्छ आहे. इंग्लंडमधला गणिती क्लिफर्ड याने १८७७ साली मांडले की अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे हा नीतीचाच अपराध आहे. त्याचा दाखला जहाजमालकाचा. जहाज जुने झालेले, मनात शंका. पण ईश्वरावर हवाला ठेवून मालक ते प्रवाशांसह समुद्रात सोडतो. जहाज बुडते आणि तो विम्याचे पैसे घेतो. आपल्याकडे आगरकरांचा वारसा सांगत दि. य. देशपांडे यांनी १९९० साली नागपुरातून ‘आजचा सुधारक’ सुरू केला. विश्वास पुराव्याच्या बेताने ठेवावा, ही शिस्त त्यांनीही चिकाटीने मांडली.

क्लिफर्डचे जहाज कासारवाडीला परके नाही. वाफेच्या उपकरणांसाठी ओळखली जाणारी फोर्ब्स मार्शल इथलीच. बॉयलरला तपासणीचा दाखला लागतो, हा नियम १९२३च्या कायद्यापासूनचा. नारळ कितीही फोडले तरी सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायचा राहिला तर बॉयलर भाविक आणि नास्तिक असा भेद करत नाही. खंडेनवमीला शॉप धुऊन निघतो, पॉवर प्रेसला झेंडूचा हार चढतो, हळदकुंकू लागते. त्यात गैर काही नाही. पण त्याच प्रेसचा सेन्सर बंद पडलेला असताना ‘देवाचं नाव घे आणि चालव’ म्हणणारा मालक त्या जहाजमालकाचा सख्खा भाऊ. बोटे जातात ती मालकाची नव्हेत, हेल्परची.

क्लिफर्डच्या दाखल्यातली खरी मेख इथेच आहे. मालकाचा अपराध दुहेरी होता: जिथे तपासणी शक्य होती तिथे त्याने श्रद्धेला कामाला लावले, आणि त्या श्रद्धेची किंमत दुसऱ्यांकडून वसूल केली. या दोन्ही गोष्टी जिथे नाहीत, तिथेही क्लिफर्डचा निवाडा लागू पडतो का?

१८९६ साली अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्सने नेमके हेच विचारले. काही प्रश्नांचा निकाल पुराव्याने लागत नाही आणि निर्णय लांबणीवर टाकणे हाही एक निर्णयच ठरतो. जगण्याला काही अर्थ आहे असे धरून चालायचे की नाही, हा तसला प्रश्न. तिथे मनाचा कौल मानणे अविवेक नव्हे, असे जेम्स म्हणतो. मला ते पटते. मात्र भूमिका विवेकी असणे वेगळे आणि खरी असणे वेगळे. उत्तम डॉक्टरचे विचारपूर्वक केलेले निदानही चुकू शकते. वारकऱ्याचे चालणे विठ्ठलाचे अस्तित्व सिद्ध करत नाही. ते चालणे अडाणीपणाचे नाही, एवढेच आपण म्हणू शकतो.

यावर आक्षेप ठरलेला: मग प्रत्येक बुवाला मोकळे रान मिळेल. मिळणार नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. तो दावा चमच्याने तपासता येण्याजोगा होता. शास्त्रज्ञांनी पृष्ठताणाचे कारण दाखवून दिल्यावरही तो धरून ठेवणे ही श्रद्धा नव्हे, हट्ट. डॉ. श्रीराम लागू देवाला रिटायर करा म्हणत, तेव्हा त्याच व्यासपीठावर अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर देवाचा प्रश्न ज्याच्या त्याच्यावर सोडत आणि शोषण कुठे होते ते विचारत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा पंढरीची वाट अडवत नाही, भोंदूची अडवतो.

आणि तुकोबा? परंपरा सांगते की दुष्काळात होरपळल्यावर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. भक्तीची किंमत त्यांनी स्वतःच्या येण्यातून चुकवली, ऋणकोकडून वसूल केली नाही. गाथेत ते देवाशी भांडतात, त्याच्या असण्यावरच शंका घेतात. शंकेला घराबाहेर काढावे लागले नाही, हे त्या श्रद्धेचे बळ.

तेव्हा माळ आणि व्हर्निअर यांचे भांडण लावण्याचे कारण नाही. एकाचे काम दुसऱ्याला सांगू नये, इतकेच. पुराव्याशिवायची श्रद्धा विवेकी असू शकते. पुराव्याविरुद्धची असू शकत नाही, आणि दुसऱ्याच्या जिवावरची तर मुळीच नाही.